ब्रेकवर पाय किती वेळा जातो?

कोल्हापूरचा माझा धाकटा मेहुणा कोणतीही नवी गाडी पाहिली की पहिला प्रश्न एकच विचारतो, "दाजी, ॲव्हरेज किती देते?" दोन वर्षांपूर्वी मी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर असलेली गाडी, घेतली तेव्हाही त्याने तोच प्रश्न विचारला आणि मी कागदावरचा पंचविशीच्या पुढचा आकडा त्याला जरा ऐटीतच ऐकवला. पुढच्याच महिन्यात आम्ही पुण्याहून कोल्हापूरला जाऊन आलो, येताना तो शेजारच्या सीटवर होता, आणि कोथरूडच्या पंपावर टाकी भरल्यावर हिशेब निघाला लिटरला १९.६ किलोमीटर. त्याची स्वतःची डिझेल गाडी त्याच रस्त्यावर २०.८ देत होती. तो काही बोलला नाही, नुसता हसला, आणि ते हसणे मला पुरेसे लागले.

तेव्हापासून मी वही ठेवली आहे. पद्धत साधी आहे. पंप एकच, शक्यतो नोझलही तेच, आणि पहिला कट पडला, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद झाले, की थांबायचे. पंपावरचा मुलगा दरवेळी "साहेब, राउंड फिगर करतो" म्हणून नोझल पुन्हा दाबायला जातो आणि त्याला दरवेळी नको म्हणावे लागते, कारण कट पडल्यानंतरही अर्धा-एक लिटर गळ्यापर्यंत सहज मावते आणि तीस लिटरच्या हिशेबात एका लिटरने तीन टक्क्यांची चूक होते. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा नेहमी एक-दीडने जास्त असतो, त्यामुळे मी तो लिहून घेणे सोडून दिले. मेहुणा महिन्यातला एक आठवडा कामासाठी पुण्यात असतो, म्हणून त्याच्या गाडीचे शहरातले आकडेही मला मिळाले, आणि शेजारच्या इमारतीतल्या मित्राने त्याच्या दीड लिटरच्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीची नोंद ठेवायचे कबूल केले. तिन्ही गाड्या साधारण एकाच आकाराच्या आहेत; वजन आणि टायर यांत फरक आहे, तेव्हा हा प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, हे आधीच मान्य करतो.

वर्षभराची सरासरी अशी आली. पुणे शहरात माझी हायब्रिड २३.४, मेहुण्याची डिझेल १३.२ आणि मित्राची पेट्रोल १०.८. महामार्गावर, ताशी शंभरच्या आसपास, हायब्रिड १९.६, डिझेल २०.८ आणि पेट्रोल १६.२. दोन गाड्यांचे ॲव्हरेज शहरातून बाहेर पडल्यावर वाढते आणि एकीचे कमी होते, ही उलटी चाल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बेरजा दोनदा तपासल्या होत्या.

कारण ब्रेकमध्ये आहे. माणसांसह चौदाशे किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असते तेव्हा तिच्या गतीत सुमारे १३५ किलोजूल ऊर्जा साठलेली असते. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा किंवा फार तर त्याहून थोडा अधिक चाकांपर्यंत पोहोचवते, असे धरले, तर तेवढी गती मिळवायला साधारण १५ मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे एक मोठा चमचा, खर्ची पडलेले असते. सिग्नल लाल झाला की आपण ब्रेक दाबतो आणि तो चमचाभर ऐवज डिस्क आणि पॅड तापवण्यात घालवतो. हायब्रिडमध्ये त्याच वेळी मोटर जनित्राचे काम करते आणि चाकांच्या फिरण्यातून वीज काढून बॅटरीत टाकते. सगळे परत येत नाही, जनित्र, बॅटरी आणि पुन्हा मोटर या वाटेवर थोडेथोडे झडत जाते, पण जे परत येते त्यावर पुढच्या सिग्नलपर्यंतचा बराचसा रस्ता इंजिन चालू न करता कापता येतो. कोथरूडहून खराडीला जाताना मी एकदा मुलीला शेजारी बसवून ब्रेक मोजायला लावले होते: सतरा किलोमीटरांत ४३ वेळा. त्यातले निम्मे नुसते रांगण्याचे असतील, पण रांगतानाही पेट्रोल गाडीचे इंजिन चालूच असते, आणि एसी लावून उभ्या असलेल्या दीड लिटरच्या इंजिनाला तासाला साधारण एक लिटर पेट्रोल नुसते उभे राहायला लागते.

हायब्रिडची दुसरी कमाई इंजिनाच्या बनावटीत आहे. या गाड्यांत इंजिन सहसा ॲटकिन्सन पद्धतीने चालते. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याची मूळ कल्पना १८८२ची. आज ती जशी वापरतात त्यात आत घेण्याची झडप उशिरा बंद होते, त्यामुळे दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा टप्पा लांब होतो, आणि जळालेल्या वायूकडून अधिक काम काढून घेता येते. अशा इंजिनाला खालच्या गतीला जोर कमी असतो, म्हणून एकट्याने ते गाडीत बसवले तर चालवणारा वैतागेल. मोटर ती उणीव भरून काढते. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसपासून हीच जोडी चालत आली आहे.

आता महामार्ग. पुणे ते कोल्हापूर या सव्वादोनशे किलोमीटरांच्या रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे चार टोलनाके सोडले, तर रस्त्याची कामे नसलेल्या दिवशी ब्रेकवर पाय फारसा जात नाही. परत मिळवायला काही उरलेच नाही की हायब्रिड ही बॅटरी आणि मोटर वाहून नेणारी एक बऱ्यापैकी काटकसरी पेट्रोल गाडी होते. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८०वरून १००वर गेलो की हवा ढकलायला लागणारा जोर ५६ टक्क्यांनी वाढतो. एकदा मी हट्टाने पूर्ण रस्ता ८०ने चालवून पाहिला आणि २२.९ मिळाले, पण मागून येणाऱ्या ट्रकांनी ज्या भाषेत हॉर्न वाजवले त्यावरून तो प्रयोग पुन्हा करण्याची इच्छा राहिली नाही.

घाटाबद्दल माझाच एक गैरसमज होता. मुंबईला जाताना बोरघाट उतरताना बॅटरी भरून घ्यायची आणि खाली फुकट पळायचे, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात घाट निम्माही उतरला नव्हता तोवर बॅटरीच्या सगळ्या रेघा भरल्या आणि इंजिन एकाएकी घोंघावू लागले. नंतर कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे. चार माणसांसह साडेपंधराशे किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा सुमारे २.३ युनिट ऊर्जा मोकळी होते, आणि इथे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच. हवा आणि टायर यांनी त्यातला मोठा वाटा खाल्ला तरी एक युनिटाहून अधिक उरते. या वर्गातल्या हायब्रिडची बॅटरी मात्र पाऊण ते एक युनिटाची असते आणि ती टिकावी म्हणून पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. घरातला दोन किलोवॅटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासाच्या आत संपवतो. जागा संपल्यावर गाडी इंजिनाला इंधन न देता नुसते फिरवते आणि उरलेली ऊर्जा त्यात घालवते. तो घोंघाट त्याचाच होता. दोन सिग्नलांमधल्या उधारी-उसनवारीसाठी बनवलेली ही बॅटरी आहे, तिच्याकडून घाटाची बचत मागणे चुकीचे होते.

डिझेलचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. डिझेल इंजिन हवा सुमारे सोळापट दाबते, पेट्रोल इंजिन दहा-अकरापट. त्याच्या हवेच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखी थ्रॉटलची, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी, झडप आडवी येत नाही, त्यामुळे कमी भाराखाली हवा ओढण्यात वाया जाणारे श्रम वाचतात. हे झाले इंजिनाचे श्रेय. परंतु काही श्रेय लिटर या मापाचे आहे, आणि ते ॲव्हरेजच्या चर्चेत कधीच वेगळे काढले जात नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते आणि त्याच्या एका लिटरात सुमारे १२ टक्के अधिक ऊर्जा असते. त्यातच आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलच्या लिटरात ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच भरते, म्हणजे या मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. दोन्ही मिळून आज डिझेलचा लिटर पेट्रोलच्या लिटरापेक्षा सुमारे २० टक्के अधिक ऊर्जा घेऊन टाकीत उतरतो. ऊर्जेच्या हिशेबाने मेहुण्याचे महामार्गावरचे २०.८ हे माझ्या लिटरात १७.३ होतात, आणि ज्या रस्त्यावर मी हरलो असे मानत होतो तिथेही गाडी म्हणून माझीच पुढे होती. धुराचेही तसेच आहे: एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, शुद्ध पेट्रोलचा आकडा २.३१ किलो आहे. त्या हिशेबाने त्याची गाडी किलोमीटरला सुमारे १२९ ग्रॅम सोडते आणि माझी ११८. हे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "दाजी, पंपावर पैसे ऊर्जेचे देता की लिटरचे?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून वहीत रुपयांचा रकाना वाढवला. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरले, तर महामार्गावर डिझेलचा किलोमीटर ४ रुपये ३८ पैशांना पडतो, हायब्रिडचा ५ रुपये ३१ पैशांना आणि पेट्रोलचा ६ रुपये ४२ पैशांना. शहरात हायब्रिड ४ रुपये ४४ पैसे, डिझेल ६ रुपये ८९ पैसे आणि पेट्रोल ९ रुपये ६३ पैसे. महिन्याला हजार किलोमीटर निव्वळ शहरात फिरणाऱ्याचे हायब्रिडमुळे पेट्रोलच्या तुलनेत ५,१९० रुपये वाचतात, म्हणजे गाडीच्या किमतीतला दोन लाखांचा फरक सव्वातीन वर्षांत फिटतो. तेच हजार किलोमीटर महामार्गावर असतील, तर बचत १,११० रुपयांची, आणि फरक फिटायला पंधरा वर्षे लागतात. मेहुणा महिन्याला अडीच हजार किलोमीटर महामार्गावर असतो. डिझेलसाठी त्याने दीड लाख जादा दिले आणि महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ताकर दोन टक्क्यांनी जास्त असल्यामुळे पंधरा लाखांच्या गाडीवर आणखी तीस हजार, तरी त्याचे पैसे तीन वर्षांच्या आत वसूल होतात. त्याने हायब्रिड घेतली असती, तर महिन्याला २,३०० रुपये अधिक गेले असते.

मीही पूर्वी डिझेल चालवली आहे, आणि ती शहरातच चालवली, हीच चूक होती. बीएस ६ या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी धरणारी जाळी असते, ती अधूनमधून तापवून आतली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. माझ्या चार-पाच किलोमीटरांच्या फेऱ्यांत ते कधी पूर्ण होत नसे आणि पिवळा दिवा लागे. मग रविवारी सकाळी मी एकटाच तळेगावपर्यंत जाऊन परत येत असे, काम काहीही नसताना, केवळ काजळी जाळायला. त्या फेऱ्यांचे डिझेल ॲव्हरेजमध्ये कसे धरायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कागदावरच्या आकड्याला लोक सरसकट थाप म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. रोज सकाळी मी ज्या टेकडीवर फिरायला जातो तिला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात, आणि गाड्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था तिथेच आहे. प्रमाणपत्राच्या चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ठरावीक १,१८० सेकंदांचा क्रम चालवतात. वेग ९०च्या वर जात नाही, एसी बंद असतो, आणि शहरी भाग थांबत-निघत चार वेळा उगाळला जातो. थांबणे-निघणे जितके जास्त तितकी हायब्रिड शोभते, म्हणूनच मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे केवळ विजेवरही चालू शकणाऱ्या गाडीला, २७.९७चे प्रमाणपत्र मिळते. साध्या पेट्रोल इंजिनाला छोटी बॅटरी आणि पट्ट्यावरचे जनित्र जोडून जिला माइल्ड हायब्रिड म्हणतात ती या तुलनेत मी धरतच नाही; ती केवळ विजेवर गाडी जागची हलवू शकत नाही, तिला त्याच नावाने हाक मारणे ग्राहकाची दिशाभूल आहे.

गेल्या दिवाळीपासून आम्ही एक सोय केली आहे. मेहुणा पुण्यात असतो त्या आठवड्यात तो माझी गाडी शहरात फिरवतो, आणि मला गावाकडे रत्नागिरीला जायचे असेल तेव्हा मी त्याची डिझेल घेऊन जातो. अट एकच आहे: परत करताना टाकी पहिल्या कटापर्यंत भरून द्यायची, वर एक थेंब नाही. मागच्या महिन्यात पंपावरच्या मुलाने त्याला "राउंड फिगर करतो" म्हटले आणि तो "कर की" म्हणाला. पावती बरोबर तीन हजारांची आहे, आणि वहीतल्या त्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.