तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं नसतील त्या दिवशी छात्राध्यापकाने शाळेत जाऊन काय करायचं?

छात्रसेवाकाल, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या छात्राध्यापकांचा शाळेतला सरावाचा काळ, सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, मुलांना सुट्टी आहे, आपला पाठ नाही; मग जावं की घरी बसून टाचणं (पाठांची लेखी आखणी) पूर्ण करावीत? माझं उत्तर ठाम आहे: जा. एरवी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून तुम्ही शिक्षकाने घेतलेला निर्णय पाहता. तो निर्णय कसा झाला, कुठे अडला, कुणाला पटला नाही, हे प्रशिक्षणाच्या दिवशी ऐकायला मिळतं.

आदल्या दिवशीच मार्गदर्शक शिक्षकांकडून दिवसाचं वेळापत्रक मागून घ्या आणि कोणत्या गटात बसायचं तेही विचारा. सगळे छात्राध्यापक एका कोपऱ्यात घोळका करून बसतात, ते टाळा. आपल्या विषयाच्या शिक्षकांमध्ये बसा.

सकाळचं सामूहिक व्याख्यान बहुतेकदा सर्वसाधारण असतं. खरा कस लागतो तो विषयगटात, आणि त्यातही एकत्रित गुणदानाचं सत्र असेल तर ते मुळीच चुकवू नका. एकाच प्रश्नाच्या चार-पाच उत्तरांच्या नावं झाकलेल्या झेरॉक्स सगळ्यांना देतात. प्रत्येकाने कुणाशी न बोलता गुण द्यायचे आणि मग ते फळ्यावर मांडायचे. चार गुणांच्या एकाच उत्तराला कुणी दीड देतं, कुणी साडेतीन. अशा वेळी घाईने सरासरी काढली तर सत्र वाया गेलं. साडेतीनवाल्याने उत्तरातल्या कोणत्या वाक्याला गुण दिला, आणि दीडवाल्याला तिथे काय कमी वाटलं, हे बोट ठेवून विचारायचं. बऱ्याचदा गोम प्रश्नातच निघते: ‘कारणे लिहा’ म्हटलंय, पण किती ते सांगितलेलं नाही, किंवा नुसता मुद्दा लिहिला तर किती गुण आणि तो उलगडून सांगितला तर किती, हे आधी ठरलेलंच नाही. अक्षराचा प्रभाव पडतो. उत्तम पेपरानंतर हाती आलेला मध्यम पेपर आहे त्याहून कच्चा वाटतो. म्हणूनच एक अख्खा पेपर तपासून दुसरा घेण्यापेक्षा सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासलेलं बरं. नव्या शिक्षकाला हे इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतं. तुम्हीही गुण द्या, इतरांचे ऐकून बदलू नका.

बोलावं का, हेही विचारतात. वर्गात प्रत्यक्ष पाहिलेलं असेल तर जरूर बोला: ‘शाब्दिक उदाहरणात मुलं गणिती क्रियेशी नाही, वाक्याशीच अडतात’ असं नेमकं निरीक्षण गटाला उपयोगी पडतं. एखाद्या शिक्षकाच्या पाठावर सर्वांसमोर शेरा मात्र नको, आणि तिथे निघालेली मुलांची नावं बाहेर नेऊ नका.

टिपणं काढताना पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ऐकलेलं, उजवीकडे ‘कोणत्या वर्गात, कोणत्या पाठात’. उजवी बाजू कोरी राहिली तर ते तंत्र तूर्त सोडून द्या. पाच तंत्रं एकदम उचलणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही, कारण नवखेपणी विषय, फळा आणि शिस्त यांतच सगळं लक्ष गुंतलेलं असतं.

एकच घ्यायचं तर प्रश्नानंतर थांबणं घ्या. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. प्रशिक्षणात हे सगळ्यांना पटतं, वर्गात जमत नाही. शांतता अंगावर येते आणि आपणच प्रश्न बदलून विचारतो. मुलांच्या मनात जुळत आलेला विचार तिथेच तुटतो. म्हणून घरी जायच्या आधी रिकाम्या वर्गात एखाद्या सहकाऱ्यासमोर मोठ्याने सराव करा: प्रश्न, मनात तीन आकडे, मग नाव. नाव आधी घेतलं तर बाकीचे सुटले म्हणून निवांत होतात. टाचणात ज्या दोन प्रश्नांनंतर थांबायचं त्यांच्यापुढे खूण करा. पाठ आठवड्याच्या आत ठरवा आणि मार्गदर्शकांना सांगून ठेवा, ‘बाकी काही नको, माझ्या थांबण्याची वेळ तेवढी मोजा.’ निरीक्षण वहीत ‘पाठ चांगला झाला’ या शेऱ्याऐवजी सेकंद लिहिलेले असतील, तर पुढच्या पाठात काय बदलायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.