आयला!

भाच्याने ग्लासगोहून येताना व्हिस्कीची बाटली आणली. पेला नाकाशी नेला आणि माझ्या तोंडून निघालं, "आयला!" भाचा म्हणाला, "बरोब्बर मामा, तिथलीच आहे." मला वाटलं चेष्टा करतोय. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या त्या बेटाचा उच्चार खरंच 'आयला' असा आहे. Islay हे स्पेलिंग वाचून 'इस्ले' म्हणणारे आपण.

वास थेट शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीचा. ढोपर फुटल्यावर लावायचं ते टिंक्चर आयोडीन, आणि मागे कुणीतरी ओल्या लाकडांवर पेटवलेला बंब. असलं काही माणूस पैसे देऊन का पितो?

सगळी करणी पीटची. बेटावर झाडं कमी, दलदल भरपूर. शेवाळ आणि झुडपं पाण्यात अर्धवट कुजून थरावर थर बसतात, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर; तोच हा पीट. म्हणजे वीतभर खणलं की आपण पेशवाईत पोचतो! ही पेशवाई वाळवून जाळायची आणि मटकीला आणतो तसे मोड आणलेली बार्ली तिच्या धुरावर सुकवायची. धुरातली फिनॉलं, म्हणजे त्या औषधी वासाची रसायनं, दाण्यात मुरतात, ती पुढे पेल्यापर्यंत सुटत नाहीत.

बाटली 'कल ईला'ची होती. १८४६ साली सुरू झालेली ही भट्टी जुरा बेटासमोर, अगदी सामुद्रधुनीच्या काठावर आहे. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात. या व्हिस्कीने त्याहून बरीच काढली आणि शेवटचा मुक्काम मॉस्कातेल या गोड वाइनच्या रिकाम्या पिंपात केला. जाणकार याला 'फिनिश' म्हणतात. मला वाटायचं, फिनिश म्हणजे बाटली संपवणं.

खरं सांगतो, मला संशय होता. कडू औषधावर साखर पेरण्यातला प्रकार असणार. पण घोट घेतला तर आधी धूर, मग त्यातून हळूच तासगावच्या बेदाण्यासारखा गोडवा, आणि गिळल्यावर पुन्हा धूर. लग्नात बासुंदीला धुराचा वास लागला तर आचाऱ्याची धडगत नसते. इथे त्याच वासाचे जास्तीचे पैसे मोजतात. आम्ही दोघांनी थेंबभर पाणी घालून, फारसं न बोलता, दुसरा पेग संपवला.

सकाळी बायकोने पेले विसळायला घेतले. एक नाकाशी नेला, थबकली आणि आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, "काय रे, रात्री कुणाला लागलं होतं?"