कुमारजी थांबायचे तेव्हा

गाण्यातलं शास्त्र मला कळत नाही. भूप आणि देशकार या रागांतला फरक मला आजही सांगता येणार नाही. तरी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायला बसलो आणि स्नेहसंमेलन, मैदान, सहली हे सगळं बाजूला राहिलं. आठवला तो आठवीतला संगीताचा एक तास.

बाईंनी त्या दिवशी घरून टेपरेकॉर्डर आणला होता. कॅसेट कुमार गंधर्वांची, कबीराच्या निर्गुणी भजनांची. आम्हाला वाटलं, प्रार्थनेसारखं काहीतरी असेल. पण एक आवाज आला, टोकदार, टाचणी टोचावी तसा थेट वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर गेला आणि तिथेच तुटला. पुढे काहीच नाही. बाईंनी टेप बंद केला आणि विचारलं, "ते थांबले तेव्हा काय ऐकू आलं?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "तंबोरे." बाईंचा चेहरा जो उजळला, तो मी विसरलेलो नाही. त्यांनी कॅसेट मागे घेऊन तेवढाच तुकडा चार वेळा लावला. चौथ्या वेळी मलाही ते दोन तंबोरे स्पष्ट ऐकू आले.

कुमारजींची हकिगत त्यांनी पुढच्या तासाला सांगितली. खरं नाव शिवपुत्र कोमकली, जन्म 1924 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणीच मैफली गाजवलेला मुलगा, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला. आणि ऐन उमेदीत, 1947 च्या सुमारास, क्षयरोग. हवा कोरडी म्हणून मध्य प्रदेशातल्या देवासला मुक्काम हलवला. गायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. सुमारे पाच वर्षं हा माणूस अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं, नाथपंथी साधूंची भजनं नुसती ऐकत होता. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने जीव वाचला. एक फुप्फुस मात्र निकामी झालं. पुढे त्या लोकधुनांमधूनच त्यांनी नवे राग बांधले, त्यांना ते 'धुनउगम राग' म्हणत.

दमसास उरला नव्हता म्हणून ते तुटक गात, असं पुष्कळदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. दम लागून कुणी थांबलं तर ऐकणाऱ्यालाही धाप लागते. कुमारजी थांबले की आपण कान टवकारतो. पाच वर्षं ज्याने फक्त ऐकलं, त्याला आवाजाइतकीच शांतताही गाता येत असावी. जाणकार याला काय म्हणतील ठाऊक नाही, पण इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून मला एवढं खात्रीने वाटतं.

12 जानेवारी 1992 ला देवासला त्यांचं निधन झालं. बातमी वाचली तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. संध्याकाळी खोलीत येऊन कॅसेट लावली. प्रत्यक्ष मैफल ऐकायची राहून गेली, ही हळहळ आजही आहे.

आताही तेच भजन ऐकतो. ती जागा जवळ आली की हातातलं काम आपोआप खाली ठेवलं जातं. आवाज वर चढतो, तुटतो आणि मागे ते दोन तंबोरे.