रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सची नोंद : माझा अनुभव

मोबाइल ॲपकडून आमच्या सर्व्हरवर येणाऱ्या काही रिक्वेस्ट ४०० हा स्टेटस (रिक्वेस्टमध्येच चूक असल्याचा संकेत) घेऊन परत जात होत्या. ॲप लिहिणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की पाठवलेला मजकूर बरोबरच आहे. आमच्या लॉगमध्ये मात्र यूआरएल, स्टेटस आणि लागलेला वेळ यांपलीकडे काही नसल्यामुळे, नेमके काय आले होते हे दाखवायला आमच्याजवळ पुरावाच नव्हता. म्हणून रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स बॉडीसकट, म्हणजे आतल्या मूळ मजकुरासकट, नोंदवायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

सेवा जावामध्ये, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर लिहिलेली असल्याने प्रत्येक कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) ओळी घालत बसण्यापेक्षा एकच फिल्टर, म्हणजे कंट्रोलरच्या आधी रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड, लिहिणे मला योग्य वाटले. फिल्टरमध्ये बॉडी वाचायची, लॉगमध्ये लिहायची आणि रिक्वेस्ट पुढे सोडायची, इतका सरळ तो पहिला प्रयत्न होता. चाचणीत गेट रिक्वेस्ट ठीक चालल्या, पण जेसन (डेटा मजकूररूपात लिहिण्याची पद्धत) पाठवणारी प्रत्येक पोस्ट रिक्वेस्ट ‘रिक्वायर्ड रिक्वेस्ट बॉडी इज मिसिंग’ या संदेशासह अडू लागली. सर्व्हलेटचा (जावाच्या वेब व्यवस्थेचा) इनपुट स्ट्रीम, म्हणजे येणाऱ्या बॉडीचा प्रवाह, एकदाच वाचता येतो. तो मी फिल्टरमध्येच वाचून संपवला होता आणि कंट्रोलरच्या हाती काहीच उरत नव्हते.

यासाठी स्प्रिंगमध्ये ‘कंटेंट कॅशिंग रिक्वेस्ट रॅपर’ हा रिक्वेस्टभोवती गुंडाळायचा क्लास तयार आहे. तो बॉडी आधीच वाचून ठेवत असेल असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात पुढचा कोड जसजसा स्ट्रीम वाचतो, तसतशी तो प्रत साठवत जातो. त्यामुळे रिक्वेस्ट पुढे जाण्याआधी त्याच्याकडे मागणी केली तर शून्य बाइट मिळतात आणि नोंद परतीच्या वाटेवरच करावी लागते. रिस्पॉन्सचा रॅपर तर कंट्रोलरने लिहिलेले सगळे स्वतःजवळ अडवून धरतो आणि ‘कॉपी बॉडी टू रिस्पॉन्स’ ही मेथड बोलावल्याशिवाय ते क्लायंटपर्यंत पोहोचत नाही. ती ओळ माझ्याकडून राहिली होती. लॉगमध्ये पूर्ण जेसन उमटला होता आणि ब्राउझरमध्ये स्टेटस २००, खाली कोरे पान. आता ती ओळ मी नेहमी फायनली ब्लॉकमध्येच (मध्ये चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) लिहितो. मोठ्या फाइलींचे अपलोड आणि डाउनलोड या व्यवस्थेतून पूर्णपणे वगळले, कारण एवढा मजकूर मेमरीत धरून ठेवणे परवडणारे नाही.

४०१ ची (ओळख न पटल्याने नाकारलेल्या रिक्वेस्टची) एकही नोंद दिसेना, तेव्हा लक्षात आले की सिक्युरिटीचा फिल्टर आमच्या आधी चालतो आणि तिथूनच परत फिरलेली रिक्वेस्ट आमच्यापर्यंत येत नाही. क्रम बदलून आमचा फिल्टर सर्वांत पुढे आणला.

खरी काळजी मात्र लॉगची फाइल उघडून शांतपणे वाचली तेव्हा वाटली. लॉगिनच्या नोंदीत चाचणीचा पासवर्ड जसाच्या तसा होता आणि खालच्या ओळीत ऑथरायझेशन हेडरमधला पूर्ण टोकन (वापरकर्त्याची ओळख पटवणारी किल्ली). ही फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला वापरकर्त्याच्या नावाने आत शिरता आले असते. काय झाकायचे याची यादी करत बसलो तर उद्या येणारे नवे फील्ड निसटणारच. म्हणून मी परवानगी असलेल्या हेडरांची आणि फील्डांची यादी केली आणि बाकी सगळ्यांच्या जागी तारका छापल्या. माझ्या मते या कामातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो पूर्ण होईपर्यंत बॉडीची नोंद प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) सुरू करू नये. लांब बॉडी कापताना बाइट मोजून कापल्याने मराठी नावांची शेवटची अक्षरे तुटत होती, कारण यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. तेव्हा आधी मजकुरात रूपांतर आणि मग कापणे असा क्रम ठेवला.

प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी देऊन तो एमडीसीमध्ये (लॉगच्या ओळींना जोडायची माहिती थ्रेडनिहाय ठेवण्याच्या जागेत) ठेवला आणि रिस्पॉन्सच्या हेडरमधूनही परत पाठवला. रिक्वेस्ट हाताळणारे थ्रेड पुन्हा वापरले जातात, म्हणून शेवटी एमडीसी रिकामा करणे आवश्यक असते; नाहीतर एकाचा आयडी दुसऱ्याच्या नोंदीवर बसतो.

हे सर्व सुरू केल्यावर ४०० च्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्या साऱ्यांच्या यूजर-एजंटमध्ये (पाठवणाऱ्या ॲपची ओळख सांगणाऱ्या हेडरमध्ये) ॲपची एकच जुनी आवृत्ती होती आणि तारखेच्या फील्डमध्ये वर्ष-महिना-दिवस या क्रमाऐवजी तिरप्या रेघांनी जोडलेला दिवस-महिना-वर्ष हा क्रम होता. नव्या आवृत्तीत तो दोष नसल्यामुळे सहकाऱ्यांना तो स्वतःच्या फोनवर कधीच दिसला नव्हता. एका नोंदीचा आयडी आणि तारखेची ती ओळ मी त्यांना पाठवली.