धंदा कोणाच्या नावावर? मालकीचे स्वरूप ठरवण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात गाळा ठरतो, मशीनची ऑर्डर जाते, बँकेत चालू खात्याचा अर्ज पडतो आणि त्यानंतर बहुतेक नवे उद्योजक कर सल्लागाराकडे येतात. शाहूपुरीतल्या माझ्या कार्यालयात त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : प्रोप्रायटर, पार्टनरशिप की प्रायव्हेट लिमिटेड, कर कशात कमी बसेल? प्रश्न गैर नाही, पण माझ्या मते त्याची पाळी तिसरी आहे. धंदा बुडाला तर देणे कोणाच्या अंगावर येणार, हे आधी पाहावे. मालक किंवा भागीदार गेला, आजारी पडला किंवा बाजूला झाला तर धंदा कोणाच्या हातात राहणार, हे त्यानंतर पाहावे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कराचे गणित मांडायला फारसा वेळ लागत नाही.

एकल मालकी, म्हणजे प्रोप्रायटरशिप, सर्वांत सोपी आहे आणि एकट्याच्या जॉबवर्कसाठी (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम) किंवा छोट्या दुकानासाठी मी तीच सुचवतो. तिच्यासाठी वेगळी संस्था नोंदवावी लागत नाही, मालकाचा पॅन हाच धंद्याचा पॅन असतो, लघुउद्योगाची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते आणि मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या किंवा सेवांची २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीचीही सक्ती नसते. परंतु कायद्याच्या दृष्टीने मालक आणि त्याचा धंदा यांत काहीच अंतर नसते. पुरवठादाराचे थकलेले बिल, कामगाराच्या अपघाताची भरपाई, बँकेची सीसी (खेळत्या भांडवलाचे कर्ज), हे सारे थेट मालकाच्या घरापर्यंत आणि शेतजमिनीपर्यंत पोहोचू शकते.

दुसरी अडचण मालकाच्या पश्चात उभी राहते आणि ती मी फार जवळून पाहिली आहे. उद्यमनगरातल्या एका टर्निंग शॉपचे मालक अचानक गेले. मुलगा त्याच मशीनवर वडिलांबरोबर काम करत होता, ऑर्डर हातात होती, तयार जॉब तेल लावून ट्रेमध्ये रचलेले होते आणि घेणाऱ्या कंपनीची गाडी दारात यायची होती. पण बिल कोणत्या नंबरावर फाडायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. जीएसटी क्रमांक वडिलांच्या पॅनवर होता आणि पॅन वारसाकडे जात नाही. मुलाला स्वतःच्या नावे नवी नोंदणी घ्यावी लागली, शिल्लक इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आयटीसी-०२ या फॉर्मने वळते करावे लागले आणि खरेदीदाराकडचा वेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून मिळणारा क्रमांक, पुन्हा मिळवावा लागला. बँकेचे खाते वारसांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत थांबले होते. धंदा चांगला चालला होता, माणसेही चांगली होती. अडले ते केवळ सर्व काही एका माणसाच्या नावावर असल्यामुळे. अशा धंद्यासाठी २०१३ च्या कंपनी कायद्याने एक व्यक्ती कंपनीचा मार्ग दिला आहे. तिच्यात मालकाला सुरुवातीलाच नामनिर्देशित व्यक्तीचे नाव द्यावे लागते आणि मालकाच्या मृत्यूनंतर ती व्यक्ती सभासद होते, त्यामुळे कंपनीचा पॅन, जीएसटी क्रमांक आणि करार जसेच्या तसे राहतात. या कंपनीवरची ५० लाख भांडवलाची आणि २ कोटी उलाढालीची मर्यादा एप्रिल २०२१ पासून उठली आहे. लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे मात्र तिलाही चुकत नाहीत. ज्यांना तो खर्च नको, त्यांनी निदान इच्छापत्र करावे आणि बँकेत नामनिर्देशन नोंदवावे.

आता भागीदारीकडे वळतो, कारण कोल्हापुरात भाऊ-भाऊ, मेव्हणे-मेव्हणे किंवा पॉलिटेक्निकचे मित्र एकत्र आले की पहिल्यांदा सुचते ती भागीदारी फर्मच. तिचा कायदा १९३२ चा आहे आणि त्यातल्या दोन-तीन तरतुदी भागीदारांना करारावर सही करेपर्यंत कोणी समजावून सांगत नाही. प्रत्येक भागीदार फर्मचा प्रतिनिधी असतो, म्हणजे धंद्याच्या नेहमीच्या कामात एकाने केलेला व्यवहार सर्वांना बांधतो. आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक जण एकत्रितपणे तसेच एकेकटा जबाबदार असतो. दहा टक्क्यांच्या भागीदाराकडूनही धनको शंभर टक्के वसूल करू शकतो. बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागणे हे मग त्या भागीदाराचे काम.

करारात काही लिहिलेच नसेल तर कायदा स्वतः उत्तरे देतो, आणि ती ऐकून अनेकांना धक्का बसतो. एकाने वीस लाख घातले आणि दुसऱ्याने दोन लाख, तरी वाटणी लिहिलेली नसल्यास नफा समसमान. दिवसभर गाळ्यावर राबणाऱ्या भागीदाराला वेगळा पगार नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम कोणी फर्मला दिली, तर तिच्यावर ६ टक्के व्याज. इकडे नावे बदलून वर्षानुवर्षे वापरला जाणारा छापील मसुदा नफ्याचे प्रमाण लिहितो, व्याज आणि मोबदला लिहितो, कारण ते आयकरासाठी लागते. पण भागीदार बाहेर पडताना हिशेब कसा होईल, यासाठी त्यात एखादी मोघम ओळ असते. मी अशी एक ओळ पाहिली आहे : ‘निवृत्त होणाऱ्या भागीदारास त्याचे येणे परस्पर संमतीने देण्यात येईल.’ ज्या दिवशी संमती उरलेली नाही, त्याच दिवशी या ओळीची गरज पडते. तिच्या जागी ताळेबंद कोणत्या तारखेचा धरायचा, मशीनची किंमत पुस्तकातली की बाजारातली, नावलौकिकाची (गुडविलची) किंमत किती वर्षांच्या नफ्यावर काढायची, रक्कम किती हप्त्यांत द्यायची आणि तोवर व्याज किती, हे सारे आकड्यांसह लिहिले पाहिजे. हिशेब न करता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर बाहेर पडलेल्या भागीदाराला किंवा मृताच्या वारसांना आपल्या मालमत्तेमुळे झालेल्या नफ्याचा वाटा अथवा ६ टक्के व्याज, यांपैकी एक निवडून मागता येते, हेही ध्यानात ठेवावे.

भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, मात्र करारात वेगळे ठरवता येते, हे बहुतेकांना माहीत असते. दोनच भागीदार असतील तर ते कलम कामाचे राहत नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये एका साखर कारखान्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की दोघांपैकी एक गेला की भागीदारी उरतच नाही; वारसाने येणे म्हणजे नवी भागीदारी. म्हणून दोघा भावांची फर्म असेल तर घरातली तिसरी सज्ञान व्यक्ती वेळेवर भागीदार करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. त्या व्यक्तीवरही देण्याची पूर्ण जबाबदारी येते, हे तिला आधी नीट समजावून सांगावे.

फर्मची नोंदणी ऐच्छिक असल्यामुळे ती पुढे ढकलली जाते. परंतु नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेल्या येण्यासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. सूट आहे ती १०० रुपयांपर्यंतच्या दाव्याला. कास्टिंग नेऊन पैसे न देणारी पार्टी फर्मवर खटला भरू शकते, फर्म मात्र तिच्यावर भरू शकत नाही. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने आणखी पुढे जाऊन अशा फर्मच्या भागीदारांना विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावाही बंद केला होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आज नोंदणी नसली तरी घरातली वाटणी न्यायालयात मागता येते, बाहेरची वसुली मात्र अडते.

हे सारे पाहता, दोघे किंवा तिघे मिळून उत्पादनाचा धंदा काढत असतील तर माझा कल एलएलपीकडे, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीकडे असतो. २००८ च्या कायद्याने आलेले हे स्वरूप भागीदारांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती निर्माण करते. एकाच्या कर्तृत्वाचे ओझे दुसऱ्याच्या घरावर येत नाही आणि भागीदार गेला तरी संस्था राहते. आपसातले नियम करारानेच ठरतात, म्हणून वर सांगितलेली बाहेर पडण्याची कलमे इथेही तितक्याच काळजीने लिहावी लागतात. उलाढाल ४० लाखांवर किंवा भागीदारांचे योगदान २५ लाखांवर गेले तरच एलएलपी कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचे होते. मात्र वार्षिक विवरणाचा फॉर्म ११ दरवर्षी ३० मेपर्यंत आणि हिशेबाचा फॉर्म ८ दरवर्षी ३० ऑक्टोबरपर्यंत भरावाच लागतो, धंदा एक रुपयाचा झाला नसला तरीही. फर्म आणि एलएलपी दोन्हींना आयकर सरसकट ३० टक्के, अधिक उपकर. नफ्याचा वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. अंदाजित उत्पन्नाची, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून कर भरण्याची सोपी योजना प्रोप्रायटरला आणि फर्मला मिळते, एलएलपीला मिळत नाही, आणि लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत एवढा एक मुद्दाही कधी कधी निर्णय फिरवतो.

प्रायव्हेट लिमिटेडचे आकर्षण पाटीवरच्या नावाचे असते, असे मला अनेकदा जाणवते. कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, हे तत्त्व १८९६ मध्ये लंडनच्या एका बूट तयार करणाऱ्या चर्मव्यापाऱ्याच्या, सॉलोमनच्या, खटल्यात पक्के झाले. चपलेच्या गावातल्या आपल्याला ते आपलेसे वाटायला हरकत नाही. पण कंपनी वेगळी म्हणजे तिचा पैसाही वेगळा. गल्ल्यातून लागेल तशी उचल करण्याची सवय प्रोप्रायटरला चालून जाते. कंपनीत तीच रक्कम संचालकाला दिलेले कर्ज ठरते, त्यावर कंपनी कायद्याची बंधने येतात आणि आयकरात ती लाभांश म्हणून करपात्र होऊ शकते. कंपनीच्या आयकराचा २२ टक्क्यांचा सवलतीचा दर अधिभार आणि उपकरासह २५.१७ टक्के होतो, हे खरे. पण उरलेला नफा लाभांश म्हणून घरी नेताना भागधारकाला पुन्हा कर द्यावा लागतो. नफा धंद्यातच ठेवून नव्या मशीन घ्यायच्या असतील तर कंपनी फायद्याची. वर्षाचा नफा वर्षातच घरखर्चाला लागत असेल तर नाही.

मर्यादित जबाबदारीविषयीही नीट समजून घ्यायला हवे. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. मंजुरीपत्राच्या शेवटच्या पानांवर ती हमी असते आणि सह्यांच्या गर्दीत तिच्यावरही सही होऊन जाते. कंपनीची दिवाळखोरी मार्गी लागली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे. त्यामुळे मर्यादित जबाबदारीचे संरक्षण मिळते ते मुख्यतः पुरवठादार, ग्राहक आणि इतर धनकोंपासून. हमी दिलेल्या बँकेपासून नाही. तेही संरक्षण मोलाचे आहे, विशेषतः एका मोठ्या गिऱ्हाइकावर सारा धंदा अवलंबून असलेल्या फाउंड्रीला किंवा मशीन शॉपला.

उत्पादक पुष्कळ आणि प्रत्येकाचे भांडवल थोडे असेल, तर सहकारी संस्थेचा किंवा उत्पादक कंपनीचा विचार करावा. गोकुळ दूध संघ १९६३ पासून ज्या सहकारावर उभा आहे, त्यात भांडवल कितीही असो, मत एकच असते. दोघा-तिघांच्या कारखान्याला हे चालणारे नाही, दूध किंवा गूळ एकत्र विकणाऱ्या गावाला मात्र तेच हवे असते.

पुढे स्वरूप बदलता येते, म्हणून आत्ता काहीही चालेल, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्यावर असतो. तो प्रोप्रायटरच्या नावावर घेतला आणि नंतर कंपनी केली, तर हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. कर्जाची कागदपत्रे, तारण, जीएसटी नोंदणी, वेंडर कोड, सारे पुन्हा करावे लागते. प्रोप्रायटरशिपची कंपनी करताना भांडवली नफ्यावरचा कर टाळायचा असेल, तर धंद्याची सर्व मालमत्ता आणि देणी कंपनीकडे गेली पाहिजेत, मोबदला केवळ शेअर्समध्येच घेतला पाहिजे आणि मूळ मालकाकडे किमान ५० टक्के मताधिकार ५ वर्षे राहिला पाहिजे. अट मोडली की करातून वाचलेला भांडवली नफा त्या वर्षी कंपनीच्या हातात करपात्र होतो. त्यामुळे या ५ वर्षांत मोठा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचे मनात असेल, तर ती गोष्ट रूपांतराचा अर्ज भरण्याआधीच आपल्या सल्लागाराला सांगावी.