मुंबई ते नागपूर, उजवीकडची खिडकी

विमानाने माहेरी जाताना मी नेहमी उजवीकडची खिडकी घेते, त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी चालतात. हवा स्वच्छ असली की तिथून लोणार दिसतं.

सरळ रेषेत मुंबई ते नागपूर अंतर साधारण ६८० किलोमीटर. रेल्वेने हेच ८३७ भरतं. कॉलेजची सगळी वर्षं मी ते विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर झोपून काढलं. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा. रस्ता आभाळातल्या रेषेच्या इतका जवळ येऊ शकतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तिकिटावर दीड तास छापलेला असतो. हवेत जेमतेम सव्वा तास जातो, बाकीचा जमिनीवरच. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात आणि विमानांची रांग लागते. या डिसेंबरात आम्ही वीस मिनिटं रांगेत होतो. सव्वाचारनंतर विमान सुटलं ते पश्चिमेला, समुद्रावर. जायचं पूर्वेला, पण वारा समोरून घेऊनच उडायचं असतं. मग मोठं वळण घेऊन शहर पुन्हा पायाखाली आलं.

एवढ्या छोट्या प्रवासात विमान सपाट उडतं ते थोडाच वेळ. सुरुवातीचे दीड-दोनशे किलोमीटर चढण्यात जातात आणि नागपूर तेवढंच दूर असताना ते उतरायलाही लागतं. मधल्या तुकड्यात मराठवाडा येतो. आधी नाथसागराचं पसरलेलं पाणी दिसलं. मग पाचच्या सुमारास लोणार. उल्केच्या आघाताने झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचं ते विवर वरून परातीएवढं वाटतं. तिरक्या उन्हात त्याची एक कड उजळलेली आणि आत सावली. शेजारच्या काकूंनाही दाखवलं. त्या वाकून बघतच राहिल्या.

त्यानंतर उजेड भराभर उतरला. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य जवळजवळ पंचवीस मिनिटं पुढे असतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. विमानात मात्र संध्याकाळ आपल्याकडे चालून येताना दिसते.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरताना मला दर वेळी रात्रीची टपाल विमानं आठवतात. १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असल्याचा आमच्या गावाला याहून सुंदर उपयोग झालेला मला तरी माहीत नाही.

चाकं टेकली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. फोन सुरू केला, तर लगेच बाबांचा आवाज, "इकडं अंधार पडून राहिला बेटा, कुठवर आली?"