पंचनाम्याची रात्र

धाकट्याचा सकाळी फोन आला. तो बीएसएफमध्ये आहे, बंगालकडे, बांगलादेश सीमेवर. आवाज पार बसलेला. रात्री चोरून कपड्यांचे गठ्ठे नेणारे दोघं अंधारात पळाले, एक सापडला. मला वाटलं, चला, काम फत्ते. तर म्हणाला, "ताई, खरं काम तिथून पुढं सुरू होतं."

एकेक नग मोजायचा. जप्तीच्या यादीत वेळ, जागा, जवळच्या सीमास्तंभाचा नंबर, अंदाजे किंमत. साक्षीदार म्हणून सही करायला रात्री २ वाजता कोण येणार? गावकऱ्यांना उद्या तिथंच राहायचंय, त्यांची भीती मला पटते. सापडलेला बंगालीत बोलतो, आमचा हा मराठीत विचार करतो आणि हिंदीत लिहितो. पुढे माल कस्टम्सकडे. १९६२च्या कस्टम्स कायद्याप्रमाणे जप्तीनंतर साधारण ६ महिन्यांत मालकाला नोटीस जावी लागते, आणि तिचा पाया म्हणजे हेच रात्रीचे कागद. काल एका कागदावर ४८ नग, दुसऱ्यावर ४६. सगळी यादी पुन्हा लिहिली पोरानं.

४,०९६ किलोमीटरची ही सीमा. लिखापढीत तयार केलेला एक माणूस प्रत्येक चौकीला मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

जेवलास का विचारलं, तर म्हणाला, "आधी झोपतो. दुपारी परत ड्यूटी आहे."